हरित इमारत : प्रमाणपत्राआधी काय पाहावे?

मंडळाच्या जुन्या सभागृहाचा विषय निघाला की दोन मते हमखास पुढे येतात. जुने पाडून नवी 'हरित' इमारत बांधावी, हे एक. आहे तेच दुरुस्त करावे, हे दुसरे. निर्णय सर्वांनी मिळून घ्यायचा आहे. म्हणून हे प्रमाणपत्र कशाचे गुण देते, ते येथे थोडक्यात मांडत आहोत.

उत्तम उदाहरण आपल्या हैदराबादेतच आहे. हायटेक सिटी परिसरातल्या सीआयआय-सोहराबजी गोदरेज ग्रीन बिझनेस सेंटरला २००३ साली 'लीड' मानांकनाचा सर्वोच्च प्लॅटिनम दर्जा मिळाला. अमेरिकेबाहेर हा मान मिळवणारी ही पहिली इमारत. तिचे वास्तुविशारद करण ग्रोव्हर बडोद्याचे. मधोमध गोल चौक, जाळीच्या भिंती, बाहेरची हवा थंड करून आत सोडणारे वाऱ्याचे मनोरे, छपरावर हिरवळ आणि वनस्पतींच्या मुळांमधून सांडपाण्याची शुद्धी, अशी तिची रचना आहे. यातला चौक आपल्या वाड्यांना नवा नाही.

गुण साधारण पाच बाबींना मिळतात : जागा, पाणी, ऊर्जा, बांधकाम साहित्य आणि आतली हवा व उजेड. जागेच्या बाबतीत जुनी झाडे व वरची सुपीक माती राखणे महत्त्वाचे. साहित्यात जुन्या इमारतीचा सांगाडा पुन्हा वापरण्यालाही महत्त्व आहे. कारण सोपे आहे : सिमेंट आणि पोलाद तयार करताना प्रचंड इंधन जळते. मजबूत भिंती पाडल्या तर ते वाया जाते, वर राडारोडा उरतो. म्हणजे 'हरित' व्हायचे तर पाडलेच पाहिजे, असे मुळीच नाही.

पाण्याचा हिशेब घरच्या घरी करता येतो. एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होते. आपल्याकडे वर्षाला सुमारे ८०० मिलिमीटर पाऊस पडतो. २०० चौरस मीटर छपरावर १,६०,००० लिटर. वीस टक्के वाया गेले तरी १,२८,००० लिटर उरते. उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्यांना याचे मोल वेगळे सांगायला नको.

प्रमाणपत्रासाठी नोंदणी शुल्क, सल्लागार आणि भरपूर कागदपत्रे लागतात. छोट्या संस्थेला तो खर्च झेपेलच असे नाही. पण पांढरे छप्पर, पश्चिमेच्या खिडक्यांवर सावली, एलईडी दिवे, पावसाचे पाणी साठवणे, यांना कोणाच्या शिक्क्याची गरज नसते.

तेव्हा आमची विनंती एवढीच : आराखडा मागवण्याआधी इमारतीच्या मजबुतीची अभियंत्याकडून तपासणी करून घेऊ, वर्षभराची वीज-पाण्याची बिले मांडू आणि आवारातली झाडे मोजू. पाडायचे की राखायचे, यावर मत देताना हे तीन कागद सर्वांच्या हाती असावेत.