घरचं विज्ञान : दिवा लागला की रेडिओ का खरखरतो?

पारनेरकडच्या एखाद्या वस्तीवर रेडिओवर पुणे केंद्र, 792 किलोहर्ट्झ, लावा आणि शेजारी स्वस्तातला एलईडी दिवा चालू करा. बातम्यांच्या जागी खरखर! दिव्यातलं सर्किट सेकंदाला हजारो वेळा वीज चालू-बंद करतं. त्यातून उठणारा गोंगाट वायरिंगमध्ये शिरतो आणि घरभरची वायर त्याची अँटेना होते.

फेज आणि न्यूट्रल यांच्यामध्ये खेळणाऱ्या गोंगाटासाठी या दोन तारांना कपॅसिटर जोडतात. 50 हर्ट्झच्या विजेला तो जवळजवळ बंद दार, वेगवान लहरींना मात्र उघडी वाट. त्या तिथूनच माघारी वळतात. कपॅसिटर ‘एक्स2’ छापाचाच हवा, साधा फुटला तर आगीची भीती. त्याचे पाय आखूड ठेवावेत. लांब पाय कॉइलसारखे वागून सगळं मुसळ केरात घालतात.

दोन्ही तारांतून एकाच दिशेने धावणाऱ्या गोंगाटाला फेराइटची कडी, म्हणजे टोरॉइड. दोन्ही तारा एकत्रच वेढायच्या. दिव्याची वीज एका तारेतून जाते, दुसरीतून परतते, म्हणून तिचा परिणाम शून्य. अडतो तो गोंगाट. वेढे दुप्पट, तर अडथळा साधारण चौपट. मीडियम वेव्हला मँगनीज-झिंक फेराइट, एफएमला निकेल-झिंक. जुन्या कॉम्प्युटरमधली पिवळी-पांढरी कडी लोहभुकटीची, ती इथे कुचकामी.

पारनेरशेजारच्या जुन्नर तालुक्यात खोडद परिसरात जीएमआरटी दुर्बिणीच्या 45 मीटर व्यासाच्या 30 तबकड्या आकाशातल्या रेडिओलहरी टिपतात. त्या इतक्या क्षीण, की तिथल्या शास्त्रज्ञांना असाच गोंगाट उठवणाऱ्या विजेच्या तारांवरच्या ठिणग्यांचाही माग काढावा लागतो.