वीस मिनिटं आणि एक कोयता

छत्रपती संभाजीनगरच्या एका खासगी दवाखान्यात ते यंत्र पाहिलं तेव्हा वाटलं, एवढंच? मिठाच्या पाण्यात भिजवलेले दोन स्पंज, डोक्याला रबरी पट्टा, दोन मिलिअँपिअर वीज. एक स्पंज कपाळावर डावीकडे, दुसरा डाव्या कानाच्या वर, थोडा मागे. वीस मिनिटं. मुंग्या येतात, पाणी कॉलरवर ओघळतं, बास. दिवसातून दोनदा, असे पाच दिवस. बंगळुरूच्या निम्हान्सच्या डॉक्टरांनी स्किझोफ्रेनियाच्या थोड्या रुग्णांवर हे करून पाहिलं. 'आपण आजारी आहोत' ही जाणीव त्यांच्यात वाढल्याचं त्यांनी २०१४ साली नोंदवलं. जाणीव आली की माणूस गोळी सोडणार नाही, हा पुढचा हिशेब.

तो हिशेब डोक्यात घेऊनच बीड जिल्ह्यातल्या एका सरकारी दवाखान्यात जाऊन बसलो. दसरा उलटलेला, ऊसतोडीच्या टोळ्या निघायच्या बेतात. केसपेपर, रांग, पुकारा नेहमीचाच. नजर अडकली सिस्टरच्या हातातल्या सिरिंजमध्ये. स्किझोफ्रेनियावरच्या फ्लुफेनाझिनचं हे इंजेक्शन तिळाच्या तेलात असतं. तेलच ते, घाईनं चढत नाही. टोचतानाही दांडा सावकाश दाबावा लागतो. मग दोन ते चार आठवडे औषध अंगात झिरपत राहतं.

तिशीतला गडी मुकाट उभा होता. बोलली बायको. "आजार हाय हे त्यान्ला बी ठावं हाय, सिस्टर. पर गोळी खाल्ली का झोपच उडंना. पहाटं तीनला गाडी भरायची, तवा उठवू कसं?"

मुकादमाच्या वहीत नवरा-बायको मिळून एक कोयता. तो झोपला की कोयता अर्धा; उचल मात्र पुरी फेडायची.

म्हणजे जाणीव होतीच की! वीस मिनिटांत जे जागं करायचं, ते याच्यात आधीच जागं होतं. पहाटे तीनच्या झोपेवर त्या पट्ट्यात काही नाही. शिवाय त्या वीस मिनिटांसाठी पाच दिवस शहरात मुक्काम, दोघांचा खाडा. यंत्र वाईट नाही. गोळी का सुटते हे त्याला कुणी विचारायला लावलेलं नाही, इतकंच. इथे डॉक्टरांनी ते विचारलं, आणि गोळी दिवेलागणीला घ्यायला सांगितली.

"पुढची सुई तिकडं कोण देईल?" बाईनं विचारलं. टोळी बेळगावकडच्या कारखान्यावर निघालेली. सिस्टरनं कागद ओढला, औषधाचं नाव मराठीत लिहिलं, थांबली, खोडलं आणि मोठ्या इंग्रजी अक्षरांत पुन्हा लिहिलं. बाईनं कागदाची घडी केली आणि आधार कार्डाच्या पिशवीत सारली.