सूर्याच्या कडेवरचे फवारे

उज्जैनच्या जिवाजी वेधशाळेत सम्राट यंत्राच्या तिरक्या भिंतीची सावली कमानीवरच्या खुणांवरून सरकते आणि स्थानिक सौरवेळ सांगते. सवाई जयसिंगांची ही अठराव्या शतकातली वेधशाळा. १९२३ मध्ये माधवराव शिंदे यांनी तिचा जीर्णोद्धार केला; १९३७ मध्ये गोविंद सदाशिव आपटे यांच्या मार्गदर्शनाखाली तिथे शंकुयंत्र उभे राहिले. सूर्य कुठे आहे, हे तिथले दगडचुन्याचे बांधकाम चोख सांगते. सूर्यावर काय चालले आहे हे जाणून घ्यायचे, तर प्रकाशाची फोड करून त्याचा वर्णपट पाहावा लागतो.

पुण्यात हे काम कावसजी दादाभाई नायगमवाला यांनी केले. भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून १८८८ मध्ये कॉलेज ऑफ सायन्समध्ये महाराजा तख्तसिंगजी वेधशाळा सुरू झाली. २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणाला नायगमवाला सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरला गेले, ते वर्णपट टिपण्याची साधने घेऊनच. चंद्राने तेजस्वी बिंब झाकले की काही क्षण वर्णगोलाची, म्हणजे बिंबाबाहेरच्या पातळ थराची, बारीक कोर तेवढी उरते आणि वर्णपटातल्या काळ्या रेषांच्या जागी उजळ रेषा लखकन उमटतात. त्या क्षणांसाठी एवढा खटाटोप! १९१२ मध्ये वेधशाळा बंद झाली, उपकरणे कोडाईकनालच्या वेधशाळेला गेली.

ती कोर मुळात सलग नाहीच. पेटलेल्या माळरानासारखी दिसणारी ती कड म्हणजे तप्त प्लाझ्माचे फवारे, स्पिक्यूल. उंची सुमारे १०,००० किलोमीटर, आयुष्य पाच-दहा मिनिटे, वेग सेकंदाला साधारण २५ किलोमीटर. एवढ्या वेगाने फवारा थेट आपल्याकडे आला, तरी हायड्रोजनची ६५६३ अँगस्ट्रॉम तरंगलांबीची तांबडी रेषा निळ्या बाजूला जेमतेम अर्धा अँगस्ट्रॉम सरकते. पण सगळी मदार त्या अर्ध्या अँगस्ट्रॉमवर आहे. छायाचित्रात उजेड वर चढताना दिसला, म्हणून द्रव्य वर गेले असे होत नाही. नुसती उष्णतेची लाटही तशीच दिसू शकते. रेषा सरकली, तर द्रव्य हलले. अर्थात, वर्णपट फक्त आपल्या दृष्टिरेषेतला वेग सांगतो. कडेवर ताठ उभ्या फवाऱ्याची गती त्यात जवळपास दिसतच नाही, म्हणून चित्र आणि वर्णपट दोन्ही लागतात.

आज पुन्हा पुण्याचे नाव या कामात आहे. इथल्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेत घडलेली ‘सूट’ दुर्बीण २०२३ मध्ये भारताच्या आदित्य-एल१ यानाबरोबर अवकाशात गेली. मॅग्नेशियमच्या २८०० अँगस्ट्रॉमजवळच्या रेषांचा प्रकाश ओझोन थर खाली येऊ देत नाही; तो ‘सूट’ गाळण्यांमधून टिपते. ती चित्रे काढते. त्याच रेषांचा वर्णपट नासाचा ‘आयरिस’ उपग्रह घेतो. दोघांनी एकाच वेळी एकच फवारा पाहिला, तर त्याची दिशा आणि वेग एकत्र हाती येऊ शकतात.