मूड गेलाय? जुनं स्केचबुक काढा



मागच्या आठवड्यात कला महाविद्यालयात दुसऱ्या वर्षाला शिकणारी एक मुलगी भेटायला आली. म्हणाली, "सर, वर्गात सगळ्यांचं काम माझ्यापेक्षा भारी असतं. सोडून देऊ का?" घरचे तर वाटच बघतायत, ही कधी बी.कॉम.ला जाते!

मी म्हटलं, पहिल्या वर्षाचं स्केचबुक घेऊन ये. जुनं आणि नवं शेजारी ठेवलं. जुन्यातले हात म्हणजे फुगवलेले हातमोजे! नव्यातल्या हातांना सांधे होते, पकड होती. ती बराच वेळ पानं उलटत बसली. वर्गाशी तुलना करून मन खचतं हो. आपलीच वर्षापूर्वीची वही मात्र खोटं बोलत नाही.

दुसरी गोष्ट, मूडची वाट बघू नका, तारीख असलेलं काम हातात घ्या. कोल्हापूरचे म. वि. धुरंधर १८९० मध्ये मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकायला आले. १८९५ मध्ये बॉम्बे आर्ट सोसायटीचं सुवर्णपदक मिळवलं. पुढे तिथंच शिकवलं, शिवाय पोस्टकार्डं केली, पुस्तकांसाठी चित्रं काढली. पदकवाला चित्रकार आणि पोस्टकार्डं! आपण मात्र छोटी ऑर्डर आली की नाक मुरडतो.

त्या मुलीनं मेसवाल्या काकूंचा मेन्यू बोर्ड घेतलाय. ८०० रुपये, शनिवारपर्यंत द्यायचाय.

"अ‍ॅडव्हान्स घेतलास?" मी विचारलं.

नुसतीच हसली. घेतला नव्हता!