घोरणारा बैल आणि गावचा पाणवठा

गुरांचे नाक चोंदले म्हणजे पडसे झाले, असा पुष्कळ शेतकऱ्यांचा समज असतो. साधे पडसे आठ-पंधरा दिवसांत उतरते. परंतु जे जनावर महिनोन्‌महिने शिंकते, ज्याच्या नाकातून घट्ट, कधी रक्तमिश्रित शेंबूड वाहतो आणि जे श्वास घेताना घोरल्यासारखा आवाज करते, त्याचा आजार निराळा समजावा. अशा बैलास औताखाली धाप लागते, खाणे कमी होते व तो दिवसेंदिवस खंगत जातो. गाईचे दूध घटते. ऐन पेरणीत जोडीतला एक बैल बसला म्हणजे शेतकऱ्याचा हंगामच धोक्यात येतो.

रोगाचे कारण

हा रोग शिस्टोसोमा नेसाले नावाच्या कृमीमुळे होतो. मद्रासकडील पशुवैद्य एम. ए. एन. राव यांनी १९३३ साली या कृमीचे वर्णन प्रसिद्ध केले. हे कृमी नाकाच्या अस्तरातील रक्तवाहिन्यांत राहतात. त्यांच्या अंड्यांमुळे अस्तर सुजते व त्यावर फुलकोबीच्या गड्ड्यासारखी वाढ होऊन श्वासाचा मार्ग अडतो.

जनावर पाणी पिताना फुरफुरते, तेव्हा शेंबडाबरोबर अंडी पाण्यात पडतात. त्यांतून निघालेली सूक्ष्म अळी साचलेल्या पाण्यातील चपट्या, चक्राकार शंखाच्या गोगलगाईत शिरते. तेथे तिची वाढ होऊन काही आठवड्यांनी असंख्य अळ्या पाण्यात उतरतात आणि पाण्यात उभ्या असलेल्या जनावराच्या कातडीतून आत शिरतात. म्हणजे एका जनावराचा रोग डबक्यातून साऱ्या गावाच्या गोठ्यांत पोहोचतो. म्हशीत लक्षणे बहुधा सौम्य असतात. तथापि डबक्यात डुंबणारी म्हैस निरोगी दिसूनही रोगाचा साठा बाळगू शकते, हे विसरू नये.

निदान

नाक चोंदण्याची कारणे अनेक आहेत. नाकात जळू शिरलेली असू शकते. ऱ्हायनोस्पोरिडियम या सूक्ष्म जीवामुळेही नाकात रक्ताळणारी गाठ येते. खिल्लारसारख्या मोठ्या शिंगांच्या बैलाच्या एकाच नाकपुडीतून स्राव येत असेल, शिंग कलले असेल व बैल डोके झटकत असेल, तर शिंगाच्या कर्करोगाची शंका घ्यावी. म्हणून अंदाजाने औषध देऊ नये. शेंबडाचा नमुना स्वच्छ बाटलीत घेऊन जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात न्यावा. तेथे तो क्षारात विरघळवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. वाकड्या, टोकदार अंड्यांवरून रोग निश्चित होतो. सातारा जिल्ह्यात खंडाळा तालुक्यातील शिरवळ येथे १९८८ साली स्थापन झालेले क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. अवघड रोग्यांबाबत तेथील सल्ला उपयोगी पडेल.

उपचार

या रोगावर अँटिमनीयुक्त औषधाची सुई आठवड्याच्या अंतराने देण्याची पद्धत जुनी आहे. प्राझिक्वांटेल हे औषधही वापरले जाते. अँटिमनीचे प्रमाण चुकल्यास हृदयावर विपरीत परिणाम होतो. यास्तव मात्रा पशुवैद्यानेच ठरवावी. जनावर गाभण असल्यास तसे आधी सांगावे. एका सुईने घोरणे कमी झाले म्हणून पुढील सुया चुकवू नयेत. नाकातील वाढ ओरबाडून काढणे किंवा नाकावर डाग देणे हा उपचार नव्हे. त्याने रक्तस्राव होतो आणि कृमी जागच्या जागीच राहतात.

प्रतिबंध

औषधाने बरे झालेले जनावर पुन्हा त्याच डबक्यात उतरले, तर केलेला खर्च पाण्यात जातो. यासाठी गावाने मिळून पुढील कामे करावीत.

१. जनावरांस विहिरीचे किंवा नळाचे पाणी हौदात पाजावे. हौदाभोवती चिखल होऊ देऊ नये.
२. तळ्याचे पाणी वापरणे भाग असल्यास ते गोगलगाई गाळून दोन-तीन दिवस साठवावे. तेवढ्या काळात अळ्या मरतात.
३. निरुपयोगी डबकी बुजवावीत. पाटालगतचे पाणी वाहते करावे व पाणवनस्पती उपटून काढाव्यात.
४. बदके गोगलगाई खातात. सोय असल्यास ती पाळावीत.
५. मोरचुदाने गोगलगाई मरतात. पण त्याने मासेही मरतात. म्हणून तज्ज्ञाच्या सल्ल्यावाचून तो वापरू नये.
६. घोरणाऱ्या जनावरास उपचार पूर्ण होईपर्यंत सार्वजनिक पाणवठ्यावर नेऊ नये.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी पावसाळा संपताच गोठोगोठी फिरून घोरणाऱ्या जनावरांची यादी करावी आणि ती कोणत्या पाणवठ्यावर जातात, याची नोंद ठेवावी. एकाच पाणवठ्याचे नाव पुन्हा पुन्हा आले, तर रोगाचे मूळ सापडले असे समजावे. उपचार गोठ्यात होईल. परंतु रोग हटेल तो पाणवठ्यावरच.