मशीनवरची वाकळ : लेखांक ४
गोळा न होता, एका दुपारी

कौंडण्यपूरची रुक्मिणीमातेची पालखी दरवर्षी ज्येष्ठात पंढरपूरची वाट धरते. परंपरा १५९४ पासूनची सांगितली जाते. पालखीसोबत पायी जाणाऱ्याला पांघरूण हलकं लागतं, घडी करून पिशवीत मावणारं, भिजलं तर लवकर वाळणारं. घरातली सहा-सात थरांची वाकळ थंडीत उबदार खरी. पण वाटेत पावसात सापडली की उचलवत नाही. शिवाय जे काही शिवायचं ते मृगाच्या आत शिवून व्हायला हवं. एकदा पऱ्हाटीची लावण सुरू झाली की मग निंदण, डवरणी आणि पुढे थेट वेचणी. सुई हातात घ्यायला सवड मिळते ती वैशाखातल्या दुपारी, आणि हाताने वाकळ घालायची तर त्या दुपारी पुरत नाहीत.

घरात पायमशीन असतं, त्यावर ब्लाउज आणि परकर शिवले जातात. वाकळ मात्र मशीनवर चढत नाही. कारण विचारलं की ठरलेलं उत्तर येतं : “मशीनवर वाकय गोया होते वं माय.” तक्रार अगदी खरी आहे. मागच्या लेखांकांत कापडाची निवड, धुणं आणि मशीनची देखभाल पाहिली. या आठवड्यात ही गोळा होण्याची गाठ सोडवू. ती सुटली की वेळही वाचतो आणि मनातली भीतीही जाते.

गोळा होते कशाने?

हाताच्या धावदोऱ्यात एकच दोरा असतो. सुई वर-खाली जाताना सगळे थर सोबत घेते आणि डावा हात खालून कापड सारखं करत राहतो. म्हणून हाताची वाकळ कडेपासून सुरू करून फेऱ्या घेत मध्यापर्यंत आणता येते. कर्नाटकातल्या यल्लापूर, हल्याळ भागातल्या सिद्दी बायकांची ‘कवंदी’ही अशीच कोपऱ्यातून निघते आणि एकेक ठिगळ जोडत आत वळत जाते. फुगा आलाच तर हात तो वाटेतच जिरवतो.

मशीनला हे जमत नाही. एलियास हाऊने १८४६ साली अमेरिकेत पेटंट घेतलेल्या मशीनपासून आपल्या घरच्या काळ्या मशीनपर्यंत टाका दोन दोऱ्यांचा आहे. वरचा सुईतून येतो, खालचा बॉबिनमधून, आणि दोघे थरांच्या पोटात एकमेकांत अडकतात. पडलेला टाका जागचा हलत नाही. त्यात कापड पुढे नेतात ते खालचे दाते, म्हणजे ओढ बसते ती सगळ्यांत खालच्या थराला. वरच्या थरावर पाय दाबून बसलेला असतो, त्यामुळे तो मागे रेंगाळतो. ओळ जितकी लांब तितका हा फरक साचतो आणि शेवटाला चुणी पडते. अशा मशीनवर आपण हाताच्या सवयीने कडेकडेने आत आलो, तर साचलेलं सगळं कापड मध्यात कोंडतं. म्हणून मशीनवर उलट जायचं : मध्यापासून कडेकडे.

चौकोन न कापता चौकटी

साठ बाय नव्वद इंचांची वाकळ धरू. पाच-पाच इंचांचे चौकोन ठेवले तर आडवे बारा आणि उभे अठरा, एकूण २१६. प्रत्येक चौकोन कापून जोडायचा म्हटलं तर १९८ आखूड शिवणी आणि वर ओळी जोडायच्या सतरा लांब शिवणी. उत्साह तिथेच संपतो.

त्याऐवजी दोन रंगांच्या पट्ट्या घ्या, साडेपाच इंच रुंद आणि शंभर इंच लांब. प्रत्येक रंगाच्या सहा. नऊवारी लुगडं बसण्याच्या जागी विरतं, पदराकडची बाजू बहुधा शाबूत असते. पन्ना पंचेचाळीस इंचांचा असला तर तेवढ्या लांबीत आठ पट्ट्या निघतात, म्हणजे दोन लुगड्यांचे चांगले तुकडे पुरले. कापड दणकट असेल तर कडेला कात्रीने छेद देऊन उभं फाडा. सुती कापड धाग्याला धरून सरळ फाटतं, आखणी करावी लागत नाही. विरलेलं कापड मात्र कात्रीनेच कापा. काठ आधीच उतरवून ठेवा. ते सुईला जड जातात आणि पुढे गोटाला उपयोगी पडतात.

आता बाराही पट्ट्या एकाआड एक रंगाने, पाव इंच शिवण ठेवून लांबीत जोडा. अकरा शिवणी झाल्या. हे जोडलेलं कापड साडेपाच-साडेपाच इंचांवर आडवं कापा. बारा चौकोनांच्या अठरा तयार ओळी हातात येतात. एक सोडून एक ओळ टोकाटोकाने फिरवून ठेवली की चौकटींची नक्षी आपोआप जमते. ओळी जोडायच्या सतरा शिवणी. दोन्ही मिळून अठ्ठावीस शिवणींत वरचा पदर तयार. तुकडे जोडताना दर शिवणीनंतर दोरा तोडू नका. एक जोडी संपली की लगेच दुसरी पायाखाली सरकवा आणि शेवटी मधले दोरे एकदम कापा.

टाचण्यातली कंजुषी नको

थर तीनच : खाली लुगडं, मध्ये जुनं सुती कापड, वर चौकटी. खालचे दोन थर चारी बाजूंनी दोन-दोन इंच मोठे ठेवा, गरज पडेल तिथे पन्ने जोडून. ओसरीवर खालचं कापड उलटं पसरा, कडा चिकटपट्टीने फरशीला ताठ लावा. मग बाकीचे थर एकेक करून मध्यापासून बाहेर हात फिरवत बसवा. जाऊ किंवा शेजारीण सोबतीला असेल तर काम निम्मं होतं.

आता सेफ्टी पिना. एक सोडून एक चौकोनाच्या मध्यावर एकेक लावली तर १०८ होतात, जपमाळेच्या मण्यांइतक्या. सिंथेटिक साडी वापरली असेल तर ती घसरते, मग प्रत्येक चौकोनाला पीन हवी. पिना मध्यावर असल्या की शिवणींच्या वाटा मोकळ्या राहतात. या कामाला तासभर जातो, पण इथे वाचवलेला तास नंतर टाके उसवण्यात दुपटीने जातो.

मशीनवर बसण्याआधी

सुई सोळा नंबरची, थर जाड असतील तर अठराची. टाका लांब, इंचाला सहा. पायाचा दाब वरच्या स्क्रूने थोडा सैल करा म्हणजे वरचा थर कमी अडतो. वॉकिंग फूट मिळाला तर उत्तम. त्याला स्वतःचे दाते असतात आणि तो वरचा थरही सोबत चालवतो. मात्र विकत घेण्याआधी दुकानात आपल्याच मशीनला लावून पाहा. दोन-तीन बॉबिना भरून ठेवा. मशीनच्या डावीकडे आणि मागे टेबल किंवा खाट लावा. वाकळ खाली लोंबली की तिचं वजनच ओळ वाकडी करतं.

पहिली ओळ मधल्या उभ्या शिवणीलगत घाला. उजवीकडचा भाग गुंडाळून मशीनच्या हाताखालून सरकवा. मग एकेक शिवण घेत उजव्या कडेपर्यंत जा. दर ओळ एकाच टोकापासून सुरू करा. एक खालून वर आणि दुसरी वरून खाली घातली तर मधलं कापड तिरपं ओढलं जातं. एक बाजू संपली की वाकळ फिरवा आणि पुन्हा मध्यापासून दुसरी कड गाठा. शिवणीलगतच जायचं असल्याने आखणीची गरज नाही.

नव्वद इंचांच्या अकरा ओळी म्हणजे सुमारे पंचवीस मीटर शिलाई. अर्ध्या इंचावर धावदोरा घातला तर तीच वाकळ जवळजवळ २७२ मीटर दोरा मागते. पायमशीनने मिनिटाला तीनशे टाके धरले तर पंचवीस मीटर वीस मिनिटांचं काम आहे. उरलेला वेळ गुंडाळण्यात, फिरवण्यात आणि बॉबिन बदलण्यात जातो. हात बसला की दोन ओळींच्या मध्ये आणखी एकेक ओळ घाला. वाकळ धुण्याला जास्त टिकेल.

हात बसण्यासाठी

सुरुवात मोठ्या वाकळीने करू नका. बाळाचं छत्तीस इंची दुपटं पुष्कळ. त्यात हेच सगळं घडतं, फक्त हाताखाली गुंडाळी लहान असते. पायमशीन शिकणारीला मोटारीच्या मशीनपेक्षा सोयीचं, कारण वेग तिच्याच पायात असतो. नजर सुईवर नको, पायाच्या कडेवर आणि पुढच्या शिवणीवर हवी. थांबायचं तेव्हा सुई कापडात रोवून थांबा, मग हात हलवा.

चूक झाली तर कोणती उसवायची हेही आधीच ठरवा. ओळ जराशी वाकडी गेली तर सोडून द्या, एका धुण्यानंतर ती दिसणार नाही. मागे चुणी पडली तर तेवढीच वीतभर उसवा. खाली दोऱ्याचे फास लोंबत असतील तर बॉबिनला दोष देऊ नका. बहुतेक वेळा वरचा दोरा नीट ओवलेला नसतो. पाय उचलून तो पुन्हा ओवा. दोरा राखाडी, मळखाऊ निवडला तर दोन्ही रंगांवर खपतो आणि नवशिकीचा हात झाकतो.

पुढच्या आठवड्यात गोट : वेगळी पट्टी न जोडता, खालचंच जादा कापड वर दुमडून कड कशी बंद करायची, आणि उतरवून ठेवलेले काठ कुठे लावायचे. तोवर एक दुपटं मध्यापासून कडेपर्यंत शिवून ठेवा. कडा मोकळ्याच राहू द्या, त्यांचं काम तेव्हाच करू.