तार सोडू नकोस!

मानेच्या उजव्या बाजूला, कॅरोटिड धमनीला खेटून एक जाड शीर असते: इंटर्नल जुगुलर. अतिदक्षता विभागात सेंट्रल लाइन, म्हणजे हृदयाजवळच्या मोठ्या शिरेपर्यंत जाणारी नळी, बऱ्याचदा तिच्यातूनच टाकतात. धमनी आणि शीर यांच्यात अंतर मिलिमीटरांचं. म्हणून रेसिडेंट डॉक्टरची पहिली सुई आता रबरी मानेत शिरते.

ही मान मॅनिकिनची, म्हणजे सरावाच्या पुतळ्याची. तिच्या धमनीत लाल पाणी असतं, शिरेत निळं. हातपंप दाबला की धमनी ठोके देते. अल्ट्रासाउंडचा प्रोब हलकेच दाबला, तर पडद्यावर शीर चपटी होते, धमनी गोलच राहते. सुई आत जाते, सिरिंजचा दट्ट्या मागे येतो. निळं आलं तर पुढे. लाल आलं तर सुई काढायची, जागा दाबून धरायची, पुन्हा पहिल्यापासून. मग गाइडवायर नावाची बारीक तार, तिच्यावरून वाट रुंद करणारा डायलेटर, शेवटी कॅथेटर, म्हणजे ती नळी. स्टॉकहोमच्या सेल्डिंगर यांनी १९५३मध्ये अँजिओग्राफीसाठी मांडलेली ही पद्धत.

सिनियरची नजर मात्र तार धरलेल्या बोटांवर असते. “तार सोडू नकोस!” सुटलेली तार थेट हृदयापर्यंत जाऊ शकते.

असा सराव नवा नाही. सुश्रुतसंहितेच्या योग्यासूत्रीय अध्यायात छेद घ्यायला कोहळा आणि काकडी, शीर टोचायला कमळाचे देठ, टाके घालायला जाड कापड सांगितलं आहे.

कूपर, राजावाडी, भगवती अशा मुंबई महापालिकेच्या उपनगरी रुग्णालयांत पेशंटांची वानवा कधीच नव्हती. त्यामुळे थेट पेशंटवरच शिकायची ‘सी वन, डू वन, टीच वन’ (एक पाहा, एक करा, एक शिकवा) ही रीत डॉक्टरांच्या पिढ्यांनी चालवली. २०१९च्या नव्या एमबीबीएस अभ्यासक्रमानंतर प्रत्येक वैद्यकीय महाविद्यालयाला अशा सरावाची स्किल लॅब सक्तीची झाली. जुहूला कूपरशी जोडलेलं, २०१५मध्ये सुरू झालेलं महापालिकेचं महाविद्यालयही त्यात आलं.

फायदा मोजलाही गेला आहे. शिकागोत रेसिडेंटना आधी मॅनिकिनवर तयार केल्यावर, कॅथेटरच्या दर हजार दिवसांमागे रक्तातल्या संसर्गाचं प्रमाण ३.२वरून ०.५वर आलं, असं २००९च्या एका अभ्यासात दिसलं.

पण मॅनिकिनला धाप लागत नाही. ते मान वळवत नाही, “डॉक्टर, अजून किती वेळ?” असं विचारत नाही. त्यामुळे लॅबमध्ये पास झालेल्या रेसिडेंटच्या वॉर्डातल्या पहिल्या लाइनला सिनियर शेजारी हवाच. नंतर छातीचा एक्स-रे निघतो आणि दोघं मिळून पाहतात: कॅथेटरचं टोक जागेवर आहे का, फुप्फुसाला भोक तर पडलं नाही ना.